दमा, पंप आणि घरातील ज्येष्ठ

घरातील वडीलधाऱ्या माणसाला जिना चढताना धाप लागू लागली की बहुतेक कुटुंबांत एकच निष्कर्ष निघतो : ‘आता वय झाले.’ गादीवर बसलेले आजोबा दोन वाक्ये बोलून थांबू लागतात, मंदिराच्या पायऱ्यांवर मध्येच टेकतात, पहाटे खोकल्याने उठून बसतात आणि घरातील मंडळी त्याची सवय करून घेतात. वयोमानाने फुप्फुसांची क्षमता थोडी घटते, हे खरे आहे. परंतु झोप मोडणारा खोकला, छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारी धाप यांचे खापर वयावर फोडता येत नाही. पुष्कळदा ती दम्याची लक्षणे असतात. दमा हा लहानपणापासूनचाच आजार असतो, हाही एक समज आहे. तो साठीनंतर प्रथमच उद्भवू शकतो.

ज्येष्ठांचा दमा दोन कारणांनी अधिक जपण्याजोगा असतो. पहिले कारण असे की, वयाबरोबर श्वास अपुरा पडत असल्याची जाणीवच बोथट होते. नळ्या बऱ्याच आकसलेल्या असतानाही वृद्ध व्यक्ती ‘बरे आहे’ असे सांगते आणि ते खोटे नसते. तिला खरोखरच तसे वाटत असते. दुसरे कारण म्हणजे दम्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उतारवयातच अधिक आहे. यांतील पुष्कळसे मृत्यू नियमित औषधाने टळू शकतात. म्हणून या विषयाकडे जमाखर्चाच्या काटेकोरपणाने पाहणे आवश्यक ठरते.

आधी निदान

दम्यात श्वासनलिकांच्या आत तीन गोष्टी घडतात. नळ्यांच्या अस्तराला सूज येते, चिकट कफ साचतो आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. यांतील सूज ही मूळ व्याधी होय. ती लक्षणे नसतानाही आत रेंगाळत असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी-पडसे असे काही निमित्त मिळाले की स्नायू आवळतात आणि धाप लागते.

तथापि प्रत्येक धाप दम्याचीच असते असे नाही. उतारवयात हृदयाची शक्ती क्षीण झाल्याने फुप्फुसांत पाणी साचते. तेव्हाही रात्री आडवे होताच श्वास कोंडतो आणि छातीतून आवाज येतो. दीर्घकाळ विडी-सिगारेट ओढलेल्यांना सीओपीडी हा वेगळा आजार होतो. आयुष्यभर लाकूडफाट्याच्या चुलीवर स्वयंपाक केलेल्या आजींना तर कधी तंबाखूला हातही न लावता तोच आजार जडतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या रामिप्रिल, एनालाप्रिल या वर्गातील गोळ्यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो आणि तो दम्याचा समजून महिनोन्महिने भलतेच औषध चालते.

म्हणून केवळ छाती तपासून थांबू नये. स्पायरोमेट्री ही फुंकर मारण्याची साधी चाचणी करून घ्यावी. रुग्ण पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकतो हे प्रथम मोजतात, मग नळ्या मोकळ्या करणारे औषध ओढायला देऊन थोड्या वेळाने पुन्हा मोजतात. हा आकडा १२ टक्क्यांहून अधिक आणि २०० मिलिलिटरहून अधिक वाढला, तर नळ्या आकसतात पण पुन्हा मोकळ्याही होऊ शकतात, असे सिद्ध होते आणि दम्याच्या निदानाला बळकटी येते. सोबत छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास हृदयाची सोनोग्राफी केली की चित्र पुरेसे स्पष्ट होते. दमा आणि हृदयविकार, किंवा दमा आणि सीओपीडी हे एकाच व्यक्तीत एकत्रही नांदू शकतात. तेव्हा दोन्हींचे औषध लागते.

औषधांची दोन खाती

दम्याची औषधे दोन खात्यांत विभागली की समजायला सोपी जातात. एक तातडीचे, दुसरे रोजचे.

तातडीच्या खात्यातील ओळखीचे नाव सालब्युटामॉल. बहुधा निळ्या पंपात मिळणारे हे औषध आवळलेले स्नायू सैल करते. पाच मिनिटांत आराम पडतो आणि तो साधारण चार ते सहा तास टिकतो. सुजेवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही.

रोजच्या खात्यात श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइडे येतात : बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन इत्यादी. ती सूज उतरवतात. त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आज घेतले आणि आजच मोकळे वाटले, असा अनुभव त्यांत येत नाही. येथेच पुष्कळ घरांत घोटाळा होतो. ज्याने लगेच बरे वाटते ते ‘खरे औषध’ ठरते आणि ज्याचा गुण सावकाश येतो ते कोनाड्यात धूळ खात पडते.

दम्याच्या उपचारांविषयी जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणारी ‘जिना’ ही संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. तिने २०१९ मध्ये एक मूलगामी बदल सुचवला. प्रौढ रुग्णाने केवळ सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, त्यासोबत श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड असलेच पाहिजे, असे तिने स्पष्ट सांगितले. हल्ली बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकाच पंपात मिळतात. फॉर्मोटेरॉल त्वरित काम करीत असल्याने हा एकच पंप रोजच्या आणि तातडीच्या, अशा दोन्ही प्रसंगी वापरण्याची पद्धत रूढ होत आहे. मात्र जोड-औषधाचा प्रत्येक पंप असा वापरता येत नाही. साल्मेटेरॉल असलेला पंप धाप लागल्यावर उपयोगाचा नाही, कारण त्याचा परिणाम उशिरा सुरू होतो. तेव्हा आपल्या घरी कोणता पंप आहे, तो तातडीलाही चालतो का, आणि दिवसाची कमाल मात्रा किती, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तरे पंपाच्या खोक्यावरच लिहून ठेवावीत. रंगावरून ओळखण्याची सवय धोक्याची आहे; कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

बिलांतून दिसणारा दमा

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांचे वय ७१. धान्याची अडत मुलाने सांभाळली असली तरी सकाळी दोन तास ते दुकानी बसतात. ‘दमा आहे, पण आटोक्यात आहे,’ असे ते स्वतः सांगतात आणि घरातही तसेच मानले जाते. निळा पंप सदऱ्याच्या खिशात असतो. रोजचा पंप दोन महिने घेतला. बरे वाटले म्हणून बंद केला. वर्षाअखेरीस औषधांची बिले एकत्र करताना सूनबाईंच्या लक्षात येते की वर्षभरात निळ्या पंपाचे सात डबे आले.

हा आकडा बोलका आहे. एका डब्यात साधारणतः २०० फवारे असतात. सात डबे म्हणजे १,४०० फवारे, अर्थात दिवसाला जवळजवळ चार. वर्षाला तीन किंवा त्याहून अधिक डबे लागत असतील तर दम्याच्या तीव्र झटक्याचा धोका वाढतो आणि बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचाही धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्राने नोंदवले आहे. आजोबांचा दमा आटोक्यात नव्हता. फवाऱ्यांखाली तो झाकला गेला होता. ज्या घरात उधारीची पै न् पै वहीत चढते, त्या घरात ही नोंद वर्षभर कोणी पाहिली नव्हती, एवढेच.

बिलांइतकाच सोपा आणखी एक तपास आहे. गेल्या चार आठवड्यांविषयी चार प्रश्न विचारावेत. दिवसा आठवड्यातून दोनदाहून अधिक वेळा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदाहून अधिक वेळा लागला का? दम्यामुळे एखादे काम, चालणे, फिरणे टाळावे लागले का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा नियंत्रणात आहे. एक किंवा दोन ‘होय’ असतील तर नियंत्रण अपुरे आहे. तीन-चार ‘होय’ असतील तर डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरातील दुसऱ्या माणसाने द्यावे. ‘हल्ली मीच वर जात नाही’ असे म्हणणारे आजोबा काम टाळत आहेत, हे त्यांच्यापेक्षा इतरांना अधिक दिसते.

‘पंप लागला की सुटत नाही’

श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडविषयी ज्येष्ठांच्या मनात दोन भये असतात : त्याची सवय लागते आणि ते शरीर पोखरते. सवयीचे भय निराधार आहे. पंप सुटत नाही तो सवयीमुळे नव्हे. दमा हा मधुमेह किंवा रक्तदाब यांसारखा दीर्घकाळचा आजार असल्यामुळे. दमा काही महिने स्थिर राहिला तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमीही करतात.

दुसऱ्या भयाचे उत्तर हिशेबाने देता येते. औषध थेट नळ्यांत पोहोचत असल्याने ते मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतात, तर त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० फवाऱ्यांइतके औषध असते. गोळी सर्व शरीरात फिरते, हात कापतात, छाती धडधडते. स्टेरॉइडचेही तसेच. रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड वर्षभर ओढले तर एकूण १४६ मिलिग्रॅम होतात. याउलट दम्याचा तीव्र झटका आल्यावर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या रोज ४० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच दिवस द्याव्या लागल्या, तर पाच दिवसांतच २०० मिलिग्रॅम पोटात जातात. दोन औषधांची ताकद मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नसते, त्यामुळे हा हिशेब केवळ प्रमाणाची कल्पना येण्यापुरता आहे. पण रोजचा पंप टाळून जे वाचवल्यासारखे वाटते, ते एका झटक्यात व्याजासह वसूल होते, एवढे त्यावरून कळते.

पंपातील स्टेरॉइड अगदी निर्दोष आहे असेही नाही. घसा बसणे, तोंडात पांढरी बुरशी येणे हे त्रास होतात. ते चूळ भरल्याने बहुतांशी टळतात. मोठी मात्रा दीर्घकाळ चालली तर हाडे व डोळे यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणूनच पुरेल इतकी किमान मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम असते.

घेण्याची रीत

पंप योग्य तऱ्हेने न ओढल्यामुळे चांगले औषधही वाया जाते. उतारवयात याची कारणे अनेक असतात. संधिवाताने बोटांत डबा दाबण्याचे बळ उरत नाही, दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही, मोतिबिंदूमुळे आकडे दिसत नाहीत, विस्मरणाने मात्रा दोनदा घेतली जाते किंवा राहून जाते.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी, जोडली की मेळ साधण्याची अडचण दूर होते. पंप हलवावा, ताठ बसून श्वास पूर्ण सोडावा, नळीचे तोंड ओठांत घट्ट धरावे, एकच फवारा दाबावा आणि सावकाश, खोल श्वास घ्यावा. मग दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखावा. दुसरा फवारा हवा असल्यास पंप पुन्हा हलवून तीच कृती करावी. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळू द्यावा. पुसल्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींनाच चिकटून राहते.

कॅप्सूल घालून ओढावयाच्या कोरड्या पुडीच्या यंत्राची रीत उलट असते. तेथे श्वास जोराने आणि खोल घ्यावा लागतो. अशक्त वृद्धांना तेवढा जोर लावता येत नसेल तर ते यंत्र त्यांच्यासाठी नव्हे. शाकाहारी कुटुंबांनी येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. ही कॅप्सूल गिळायची नसते, त्यातील पूड तेवढी ओढायची असते. तरीही तिचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, असते. काही कंपन्या वनस्पतिजन्य आवरण वापरतात. ज्यांच्या मनाला हे रुचत नाही त्यांनी औषध बंद करू नये. औषधविक्रेत्याकडून वेष्टनावरील मजकूर तपासून घ्यावा, अथवा डॉक्टरांना सांगून कॅप्सूलविरहित पंप मागावा. संकोचाने न बोलता औषध सोडून देणारे रुग्ण असतात. डॉक्टरांना कारण कळले तर पर्याय निश्चित निघतो.

इतर औषधांशी संबंध

ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात दम्याखेरीज इतरही पुष्कळ गोळ्या असतात. त्यांतील काही दम्याशी जुळत नाहीत.

हृदय किंवा कंप यांसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल नळ्या आवळू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबही तोच परिणाम करतात, आणि डोळ्यांचे औषध छातीला बाधेल हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना तीव्र झटका येतो; ॲस्पिरिनचेही तसेच आहे. अशा रुग्णांना पॅरासिटामॉल सहसा अधिक सुरक्षित ठरते. मात्र हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन किंवा अन्य गोळी स्वतःहून बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

थिओफिलीन वर्गातील जुन्या गोळ्या अद्याप अनेक घरांत चालतात. त्यांची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि उतारवयात ते औषध शरीराबाहेर जाण्यास अधिक वेळ लागतो. त्यातच तापासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेले तर त्याची रक्तातील पातळी वाढते. मळमळ, धडधड, बेचैनी ही धोक्याची चिन्हे समजावीत. माँटेलुकास्ट या गोळीने काहींना दुःस्वप्ने, चिडचीड, खिन्नता असे त्रास होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यासंबंधी ठळक इशारा दिला. आजोबा अलीकडे उदास का असतात, याचे उत्तर कधी गोळ्यांच्या डब्यात सापडते.

प्रेडनिसोलोनच्या उरलेल्या गोळ्या जपून ठेवून पुढच्या वेळी स्वतःच सुरू करण्याची प्रथा घातक आहे. त्यांनी मधुमेह्यांची साखर झपाट्याने चढते. दीर्घकाळ घेतल्यावर त्या एकाएकी थांबवल्या तर शरीराची स्वतःची यंत्रणा तत्काळ जागी होत नाही आणि प्राणावर बेतू शकते. नाव-गाव नसलेल्या पुड्यांबाबतही सावध असावे. ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. पहिल्याच दिवशी चमत्कारिक गुण येतो, त्याचे रहस्य बहुधा तेच असते.

चौविहार, उपवास आणि पंप

सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असणाऱ्या घरांत सायंकाळच्या पंपाचा प्रश्न खरोखरचा आहे. रात्री नऊला मात्रा घेतली तर नंतर चूळ भरता येत नाही. चूळ न भरली तर तोंड येते. तोंड आले की पंप सुटतो. यावरील उपाय वेळ बदलण्यात आहे. सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी, जेवणाच्या सुमारास घेऊन चूळ भरावी. सकाळची मात्रा नवकारसीनंतर घ्यावी. दोन मात्रांमधील अंतर मग बरोबर बारा तासांचे राहत नाही. ते चालेल का, की दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध बरे, हे डॉक्टरांनी ठरवावे. त्यासाठी आपला दिनक्रम त्यांना स्पष्टपणे सांगावा.

पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्या दमेकऱ्यांनी पर्व सुरू होण्याच्या पंधरवडाभर आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. अठाईसारख्या तपात आठ दिवस रोजचा पंप बंद राहिला तर नळ्यांची सूज परतू लागते, आणि पारण्याच्या सुमारास झटका येण्याची भीती असते. शिवाय भाद्रपदाची दमट हवा आणि त्या दिवसांतील पडसे-खोकला हे दम्याला अनुकूलच असतात. उपवासात पाणी कमी पडले तर कफ घट्ट होतो. थिओफिलीन किंवा प्रेडनिसोलोन रिकाम्या पोटी सोसत नाही. ज्यांना या गोळ्या चालू आहेत, किंवा गेल्या काही महिन्यांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले आहे, त्यांनी दीर्घ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

श्वासावाटे घेतलेल्या औषधाने व्रताला बाध येतो किंवा नाही, हा निर्णय ज्यांच्याकडून पच्चक्खाण घ्यायचे त्या गुरूंचा. तो आधीच विचारून घ्यावा. रात्री दोन वाजता धाप लागलेली असताना त्यावर घरात वाद होऊ नये. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकवण्यासाठी औषध घेण्याचा आगार त्यांत आहे, हे जाणकारांना ठाऊक असते. ज्येष्ठांनाही ते ठाऊक असते; परंतु त्याचा आधार स्वतःसाठी घेणे त्यांना कमीपणाचे वाटते. अशा वेळी घरच्यांच्या आग्रहापेक्षा महाराजसाहेबांचा एक शब्द अधिक उपयोगी पडतो. तपाला बसू न शकणाऱ्या ज्येष्ठांना सामायिक आणि स्वाध्याय यांची वाट मोकळी आहेच.

दुकान, गोदाम आणि घर

व्यापारी कुटुंबांत दम्याला निमित्त बऱ्याचदा व्यवसायच पुरवतो. धान्याची अडत, मिरची-हळदीची पेठ, कापसाची जिनिंग, कापडाचे गोदाम, सर्वत्र सूक्ष्म धूळ असते. पोती उतरवताना आणि चाळण लावताना ज्येष्ठांनी तेथे थांबू नये. त्यांची बैठक दाराकडील मोकळ्या हवेच्या बाजूला हलवावी. दिवाळीपूर्वी गोदामाची झाडलोट आणि जुन्या वह्यांची आवराआवर होते, त्या दिवशी त्यांना घरी राहू द्यावे. दिवाळीच्या दिवसांतील थंड पहाट, फटाक्यांचा धूर आणि झाडलोटीची धूळ हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून दसऱ्यापूर्वीच औषधांची फेरतपासणी करून घ्यावी.

घरात धूप, उदबत्ती, डासांची कॉइल आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका यांपासून त्यांना दूर ठेवावे. घरातील देवघर ज्येष्ठांच्या खोलीत असेल तर धूप बाहेर लावावा. गाद्या-उशांतील धुळीचे सूक्ष्म जीव हे दम्याचे मोठे कारण असते. उशीचे अभ्रे व चादरी दर आठवड्याला धुवाव्यात. खोलीच्या भिंतींना ओल आली असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

एक छोटी वही

पीक फ्लो मीटर हे लहानसे यंत्र घरी ठेवता येते. सकाळी औषधापूर्वी उभे राहून तीनदा जोराने फुंकावे आणि सर्वांत मोठा आकडा तारखेसह वहीत लिहावा. दमा उत्तम नियंत्रणात असतानाचा सर्वोच्च आकडा हा पाया समजावा. त्याच्या ८० टक्के किंवा अधिक आकडा येत असेल तर ठीक. ५० ते ८० टक्क्यांत आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवावे आणि त्यांना कळवावे. ५० टक्क्यांखाली गेला तर ती तातडी होय. ज्यांची श्वासाची जाणीव बोथट झाली आहे त्यांच्यासाठी हा आकडा ‘बरे आहे’ या शब्दांहून अधिक विश्वसनीय आहे. सर्वोच्च आकडा ३५० असलेल्या आजोबांचा फुंकर २४० वर आला, तर ते गादीवर कितीही निवांत बसलेले दिसोत, दूरध्वनी करण्याची वेळ झालेली असते.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर सर्व औषधांची नावे, मात्रा, न सोसणारी औषधे आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहावा. डबा कोणत्या तारखेला उघडला तेही नोंदवावे. डबा हलवून किंवा पाण्यात तरंगवून औषध किती उरले ते नीट कळत नाही; आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा फवारे मोजावेत.

झटक्याची चिन्हे घरातील प्रत्येकाला, शाळकरी नातवंडांनाही, माहीत असावीत. वाक्य पूर्ण करता न येणे, पुढे वाकून बसणे, मानेचे स्नायू ओढले जाणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, बोटाच्या यंत्रावर प्राणवायू ९० टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही दिसले की १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा गाडी काढावी. रुग्णाला बसते ठेवावे. स्पेसरमधून तातडीच्या सालब्युटामॉल पंपाचे चार ते दहा फवारे, एका वेळी एक याप्रमाणे, द्यावेत. पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी ते पुन्हा देता येतात. हे रुग्णालयाच्या वाटेवर करावयाचे आहे, रुग्णालयाऐवजी नव्हे. छातीतील आवाज अचानक थांबला आणि धाप मात्र कायम राहिली, तर ती सुधारणा समजू नये. हवा आत-बाहेर होणेच कमी झाल्याची ती खूण असते.

आरोग्यविम्याचाही येथे विचार करावा. प्रस्ताव भरताना दमा लपवण्याचा मोह अनेकांना होतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा ठेवता येतो. आजार सांगितला तर तीन वर्षांत संरक्षण मिळते; लपवला तर ऐन दाव्याच्या वेळी कंपनीला तो नाकारण्याचे निमित्त मिळते. पॉलिसी खंडित होऊ न देणे हेही तितकेच महत्त्वाचे.

सात डब्यांचा हिशेब लागल्यानंतर अशा घरात करावयाच्या गोष्टी फारशा अवघड नाहीत. बिले घेऊन डॉक्टरांकडे जावे, स्पायरोमेट्री करावी, रोजचा पंप सूर्यास्तापूर्वीच्या वेळेला बांधून घ्यावा, दुकानातील बैठक दाराशी आणावी. सर्वांत अवघड काम निराळेच असते. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाकडे काही मागितले नाही, त्याला ‘मला श्वास पुरत नाही’ असे मोकळेपणाने सांगता येईल, असे वातावरण घरात ठेवावे लागते. त्यासाठी सूनबाईंनी किंवा नातवाने रोज सकाळी वही उघडून आजचा आकडा विचारला, तरी पुष्कळ होते.